भूत चालेल, भूल चालणार नाही

गेल्या सुटीत अकरावी-बारावीची दहा-बारा मुले आणि आमचे दोन-तीन शिक्षक मित्र आमच्याकडे जमले होते. मुलांच्याच आग्रहावरून आम्ही ‘व्हॉट लाइज बिनीथ’ हा चित्रपट लावला. २००० सालचा, रॉबर्ट झेमेकिस यांनी दिग्दर्शित केलेला, मिशेल फायफर आणि हॅरिसन फोर्ड यांचा. भुताचा चित्रपट म्हणून मुले बसली. दचकायच्या जागी दचकली आणि दचकल्याबद्दल एकमेकांना हसलीही. दिवे लागले तेव्हा भुताची भीती कोणाच्याच चेहऱ्यावर उरली नव्हती. एक मुलगी मात्र गप्प होती. थोड्या वेळाने तिने विचारले, “पुढच्या आठवड्यात आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. भूल दिल्यावर तिलाही असंच होईल का? हलता येणार नाही, पण सगळं कळत राहील, असं?”

या प्रश्नाची आमची तयारी नव्हती. भूत खरे असते का, या चर्चेसाठी आम्ही मुद्दे काढून ठेवले होते. तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. तिच्या प्रश्नाला त्या दिवशी आम्ही जे अर्धेमुर्धे उत्तर दिले, ते नीट द्यावे म्हणून हा लेख.

त्यासाठी गोष्ट सांगावी लागेल आणि गोष्टीत रहस्य आहे. ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी पान इथेच मिटावे.

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात तळ्याकाठच्या एका देखण्या घरात क्लेअर आणि नॉर्मन स्पेन्सर हे जोडपे राहते. नॉर्मन विद्यापीठात अनुवंशशास्त्राचा प्राध्यापक आहे. त्याचे वडील नावाजलेले गणिती होते आणि त्यांच्या सावलीतून बाहेर पडण्याची त्याची धडपड चालू आहे. क्लेअर पूर्वी चेलो वाजवीत असे. लग्नानंतर ते सुटले. वर्षभरापूर्वी तिला मोटारीचा अपघात झाला होता. मुलगी कॉलेजसाठी दूर गेल्यावर घर रिकामे होते आणि त्या रिकाम्या घरात गोष्टी घडू लागतात. दार आपोआप उघडते. भिंतीवरचे छायाचित्र पडून फुटते. न्हाणीघरातील टब कोणी न भरता भरलेला सापडतो.

क्लेअरला आधी शेजाऱ्याचा संशय येतो. शेजारीण कुंपणापलीकडे रडत होती आणि मग दिसेनाशी झाली. एका रात्री शेजारी गाडीत काहीतरी जड ठेवताना दिसला. त्याने बायकोला मारले असे क्लेअर ठरवते, चारचौघांत त्याच्यावर आरोप करते आणि त्याच क्षणी शेजारीण जिवंत समोर येते. पुढे कळते की घरात वावरणारी मॅडिसन फ्रँक नावाची तरुणी आहे. ती नॉर्मनची विद्यार्थिनी होती, त्याचे तिच्याशी संबंध होते आणि ती वर्षभर बेपत्ता आहे. शेवटी कळते की तिला मारून, तिच्याच मोटारीत बसवून तळ्यात बुडवणारा नॉर्मनच आहे. क्लेअर गप्प बसणार नाही हे दिसताच तो तिला हॅलोथेन देतो, टबमध्ये निजवतो आणि नळ सोडतो. आत्महत्या वाटावी अशी ही योजना. क्लेअर शुद्धीवर आहे, डोळे उघडे आहेत आणि पाणी हनुवटीपर्यंत चढत आहे. बोटही हलत नाही.

हा प्रसंग भयपटांतील उत्तम प्रसंगांपैकी एक आहे, हे मान्य करायला आम्हाला संकोच नाही. इथे संगीताचा दणका नाही, रक्त नाही. पांढरा टब, पाण्याचा आवाज आणि फायफर यांचे डोळे, एवढ्यावर झेमेकिस यांनी काम भागवले आहे. (त्यांच्या ‘कास्ट अवे’ या चित्रपटाचे काम चालू असताना नायक टॉम हँक्स यांना वजन उतरवायला सवड हवी होती. त्या मधल्या काळात झेमेकिस यांनी हा दुसरा चित्रपट उरकला. उरकलेला मुळीच वाटत नाही.)

पहिला तासभर चित्रपट आणखी एका कारणासाठी चांगला आहे. त्या घरात खरी निरीक्षक क्लेअर आहे. काय पाहिले, कधी पाहिले, हे ती सांगते. शेजाऱ्याबद्दलचा तिचा तर्क चुकतो आणि तो चुकल्याचे ती मान्यही करते. दार मात्र उघडतच राहते. विज्ञानाच्या पदवीधर प्राध्यापकाला यात काय दिसायला हवे होते? एक अनुमान खोटे ठरले म्हणून त्यामागची निरीक्षणे खोटी ठरत नाहीत, त्यांना दुसरे स्पष्टीकरण शोधावे लागते. पण नॉर्मन एकदाही न्हाणीघरात जाऊन नळ तपासत नाही, दाराची बिजागरी पाहत नाही. तू दमली आहेस, मुलगी गेल्याने एकटी पडली आहेस, अपघाताचा परिणाम असेल, हीच त्याची उत्तरे. क्लेअरला मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे लागते. आपल्याकडे अशाच प्रसंगी घरातली मंडळी मांत्रिकाला बोलावतात. बाईच्या अंगात आले म्हणा की बाईला भ्रम झाला म्हणा, ती काय सांगते ते तपासायचे दोन्हीकडे राहूनच जाते. नॉर्मनच्या बाबतीत हे निष्काळजीपणाने घडत नाही, त्याला दडवायचे आहे म्हणून घडते. शास्त्रज्ञाचा अधिकार शास्त्र न करण्यासाठी कसा वापरता येतो, हे दाखवणारे इतके नेमके चित्र आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही.

मग चित्रपट स्वतःच क्लेअरला वाऱ्यावर सोडतो.

वाफाळलेल्या आरशावर अक्षरे उमटतात, तेव्हा प्रेक्षक आणि क्लेअर दोघेही ती भुताची मानून मोकळे होतात. मुलांनी हे घरी करून पाहण्यासारखे आहे. कोरड्या आरशावर बोटाने अक्षर काढा. काही दिसणार नाही. मग आरशावर वाफ सोडा. वाफ काचेवर बारीक थेंबांच्या रूपाने बसते आणि ते थेंब प्रकाश विखुरतात म्हणून आरसा पांढरट होतो. जिथे बोटाचा तेलकटपणा किंवा साबणाचा अंश आहे तिथे पाणी वेगळ्या रीतीने पसरते आणि अक्षर उठून दिसते. पुसले नाही तर दुसऱ्या दिवशीही दिसते. म्हणजे आरशावरचे अक्षर आज दिसले तरी ते आज लिहिले असे नव्हे. रहस्यकथेला केवढा सुंदर धागा हा! पटकथेने तो हातात घेऊन टाकून दिला.

क्लेअर आणि तिची मैत्रीण अक्षरांच्या फळ्यावर बोटे ठेवून आत्म्याला बोलावतात, तो प्रसंग मराठी वाचकाला परका नाही. वाटीवर बोट ठेवून प्लँचेट करण्याची हौस आपल्या वसतिगृहांत अनेक पिढ्यांनी भागवली आहे. या प्रकाराची तपासणी मायकेल फॅरडे यांनी १८५३ सालीच केली होती. तेव्हा इंग्लंडमध्ये टेबल फिरवण्याची साथ आली होती. माणसे टेबलावर हात ठेवून बसत आणि टेबल सरकू लागे. फॅरडे यांनी हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्यांचे थर मऊ चिकट द्रव्याने जोडून ठेवले. टेबलाने हात ओढले असते तर खालचा पुठ्ठा सर्वांत पुढे गेला असता. प्रत्यक्षात वरचे पुठ्ठे अधिक सरकले होते. अर्थात हातांनीच टेबल ढकलले होते. मग त्यांनी हाताची बारीकशी हालचालही दाखवणारा एक काटा बसवला. तो काटा बसणाऱ्यांना दिसू लागताच टेबल थांबले. ही माणसे लबाड नव्हती. आपण ढकलत आहोत हे त्यांना खरोखरच कळत नव्हते, असे फॅरडे यांनी आवर्जून नोंदवले. क्लेअरच्या बाबतीत हे स्पष्टीकरण आणखी रंगतदार ठरले असते. अपघातामुळे ती विसरली आहे की तिने पूर्वी नवऱ्याला त्या मुलीसोबत पाहिले होते. जे मनाला आठवत नाही ते बोटांनी फळ्यावर लिहिले, असे दाखवता आले असते. चित्रपट त्या दारापाशी येतो आणि परत फिरतो.

सर्वांत खटकली ती वेणी. क्लेअर मॅडिसनच्या आईकडे जाते आणि त्या मुलीच्या केसांची वेणी घेऊन येते. अनुवंशशास्त्रज्ञाच्या घरात बेपत्ता मुलीचे केस! आम्हाला वाटले, आता पटकथा जागी झाली. कापलेल्या केसाला मूळ नसले तरी त्याच्या दांड्यातून पेशीतील तंतुकणिकांचा डीएनए मिळू शकतो, आणि अशा पुराव्याचा अमेरिकेतील न्यायालयात १९९६ सालीच उपयोग झाला होता. तळ्यात मृतदेह सापडला की ओळख पटवायला हे केस उपयोगी पडले असते. क्लेअर ती वेणी हातात घेते आणि पुस्तकात पाहून मंत्रविधी करते. मॅडिसन तिच्या अंगात येते. नवऱ्याचा विषय अनुवंशशास्त्रच का, हा प्रश्न इथे पडतो. तो इतिहासाचा प्राध्यापक असता तरी गोष्ट तसूभर बदलली नसती. त्याच्या प्रयोगशाळेचा पटकथेला उपयोग एकच: कपाटात हॅलोथेन असावे.

हेच कथानक भुताशिवाय कसे रचता येते, ते पाहायचे असेल तर साठ वर्षे मागे जावे लागेल. पॅट्रिक हॅमिल्टन यांचे ‘गॅसलाइट’ हे नाटक लंडनमध्ये १९३८ साली आले. त्यावरून ब्रिटनमध्ये १९४० साली आणि हॉलिवूडमध्ये १९४४ साली चित्रपट निघाले. दुसऱ्या चित्रपटाचे दिग्दर्शक जॉर्ज क्युकर. नायिका इनग्रिड बर्गमन यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले. इथेही देखणे घर आहे, गोड बोलणारा नवरा आहे, जुना खून आहे. संध्याकाळी नवरा बाहेर पडला की बायकोच्या खोलीतला गॅसचा दिवा मंद होतो आणि माळ्यावर पावले वाजतात. नवरा म्हणतो, तुला भास होतात. खरे असे की तो शेजारच्या ओसाड घरातून आपल्याच घराच्या बंद माळ्यावर चढतो आणि खून झालेल्या बाईची रत्ने धुंडाळतो. त्यासाठी तिथला दिवा लावतो.

दिवा का मंद होतो? बंद नळीत वायू वाहत नसतो तेव्हा दाब सगळीकडे जवळजवळ सारखा असतो. वायू वाहू लागला की नळीच्या घर्षणाने वाटेत दाब घटतो. जितका प्रवाह अधिक, तितकी घट अधिक. माळ्यावर आणखी एक दिवा पेटला की सामाईक नळीतील प्रवाह वाढतो, खोलीतील दिव्याच्या तोंडाशी दाब कमी पडतो आणि ज्योत खाली येते. न्हाणीघरातला नळ सोडला की स्वयंपाकघरातली धार बारीक होते, हा अनुभव तर घरोघरी आहे. वर्गात दाखवायचे तर उंचावर एक बादली, तिला एक बारीक नळी, पुढे तिचे दोन फाटे आणि दोन्ही फाट्यांना चिमटे, एवढे पुरेल. एक फाटा वाहत असताना दुसरा उघडायचा आणि पहिल्याची धार पाहायची. दोन फाट्यांच्या मध्ये पडदा धरला, म्हणजे दुसरा फाटा कोणी उघडला हे मुलांना दिसले नाही, तर नाटक पुरे होते. घरात आणखी कुठेतरी कोणीतरी आहे, हे धारेकडे पाहूनच सांगावे लागते.

शेवटी एक पोलीस अधिकारी तिच्या खोलीत बसतो आणि ज्योत उतरताना स्वतः पाहतो. बायकोची सुटका खरी तिथेच होते. दुसऱ्या निरीक्षकाला तेच दिसले! पुरावा म्हणतात तो हा. या गोष्टीवरून इंग्रजीत एक क्रियापदच रूढ झाले आणि २०२२ साली मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरवले. शब्द वापरणारे पुष्कळ आहेत. त्यातली ज्योत का उतरली हे मात्र फार थोड्यांना सांगता येते.

आता त्या मुलीचा प्रश्न.

भूत सर्वांनाच खोटे वाटते, म्हणून त्याने नुकसान फारसे होत नाही. टबमधील प्रसंगात भूत येईपर्यंत जे दिसते ते खरे म्हणून दाखवलेले असते: खरी प्रयोगशाळा, खऱ्या औषधाचे खरे नाव. हॅलोथेन हे ब्रिटनमधील आयसीआय कंपनीत चार्ल्स सकलिंग यांनी १९५१ साली तयार केले आणि १९५६ साली मँचेस्टरमध्ये ते रुग्णांना प्रथम देण्यात आले. ईथर पेट घेई, त्याची वाफ ज्वलनशील; हॅलोथेन पेटत नाही. भूलशास्त्राच्या दृष्टीने हा मोठाच पल्ला होता. पुढे क्वचित प्रसंगी त्याने यकृताला गंभीर इजा होते असे आढळले आणि आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन यांसारख्या औषधांनी त्याची जागा घेतली.

हे औषध करते काय? ते शुद्ध हरपवते. शस्त्र लागले तरी निम्मे रुग्ण हालचाल करणार नाहीत, इतके प्रमाण फुप्फुसांतील हवेत सुमारे पाऊण टक्का लागते. शुद्ध जायला त्याहून बरेच कमी पुरते. म्हणजे क्रम चित्रपटाच्या नेमका उलट आहे: आधी जाणीव जाते, हालचाल नंतर थांबते. हॅलोथेनने जिचे बोट हलत नाही, तिला पाणी चढत असल्याचे कळणे शक्य नाही.

मग जाणीव ठेवून स्नायू थांबवणारे औषध नाहीच का? आहे. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना लावीत असलेले क्युरारे. हॅरल्ड ग्रिफिथ यांनी १९४२ साली माँट्रियलमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी ते वापरले आणि तेव्हापासून त्या जातीची औषधे भुलीच्या जोडीला आली. त्यांनी शुद्ध जाते की नाही याबद्दल सुरुवातीला वाद होता. १९४७ साली अमेरिकेतील स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञांनी स्वतःलाच क्युरारेचा द्रव टोचून घेतला, अंगाचा प्रत्येक स्नायू थांबेपर्यंत. सहकारी त्यांना कृत्रिम श्वास देत होते. सर्व काळ आपण पूर्ण शुद्धीवर होतो, असे त्यांनी नंतर सांगितले. टबमधील क्लेअरची अवस्था प्रत्यक्षात भोगलेला माणूस हा! पण त्यांच्या अनुभवातही एक गोष्ट लपत नाही. अशा औषधाने श्वासाचे स्नायूही थांबतात. ते देऊन क्लेअरला टबमध्ये ठेवले असते तर पाणी चढायच्या आधीच ती गुदमरली असती. शुद्ध आहे, श्वास आपला आपण चालू आहे आणि बोट मात्र हलत नाही, अशी अवस्था देणारे औषध पटकथेला हवे होते. ते प्रयोगशाळेच्या कपाटात नाही, म्हणून तिने हॅलोथेनच्या बाटलीवर ते गुण चिकटवले.

त्या मुलीच्या भीतीला काहीच आधार नाही, असेही सांगून चालणार नाही. भूल उथळ पडून शुद्ध येण्याचे प्रकार घडतात. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये या तक्रारींची मोठी पाहणी झाली. तिचा अहवाल २०१४ साली निघाला. संपूर्ण भुलीच्या सुमारे १९ हजार प्रसंगांमागे एक तक्रार आढळली. स्नायू सैल करणारे औषध दिले होते तिथे सुमारे ८ हजारांत एक, दिले नव्हते तिथे सुमारे १ लाख ३६ हजारांत एक. या आकड्यांचा अर्थ मुलांनी स्वतः लावावा असा आहे. धोका निर्माण होतो तो स्नायू थांबले आणि भूल कमी पडली, अशा जोडीतून. एकट्या भुलीत माणूस जागा होऊ लागला तर तो हलतो आणि हलला की कळते.

जाता जाता आपल्याकडच्या ‘राज़’विषयी. विक्रम भट्ट यांचा हा हिंदी चित्रपट २००२ साली आला आणि कथेचा सांगाडा उघडच ‘व्हॉट लाइज बिनीथ’चा आहे. इथे हॅलोथेन नाही, हे एक बरे. पण रूपांतर करताना काय बदलले ते पाहावे. इंग्रजी चित्रपटात नवऱ्याने खून केला आहे. हिंदीत ती मुलगी मनोरुग्ण आहे, ती स्वतःच स्वतःला गोळी घालते आणि नवऱ्याच्या माथी उरते ते प्रेत पुरल्याचे पाप. भूत दुष्ट, नवरा बिचारा आणि बायको त्याला वाचवणारी. आत्म्याशी सामना कसा करायचा हे सांगायला एक प्राध्यापकही आहेत; प्रेत शोधून जाळणे हा उपाय. क्लेअर निदान नवऱ्याविरुद्ध पुरावा गोळा करीत होती. ‘राज़’च्या संजनाला ते कामही उरलेले नाही. झेमेकिस यांच्या चित्रपटावर आम्ही एवढे रागावलो ते त्याच्याकडून अपेक्षा होती म्हणून; ‘राज़’वर रागवावे असे काही सापडले नाही.

यातले बहुतेक आम्ही नंतर वाचून काढले. त्या संध्याकाळी आम्ही मुलीला एवढेच सांगितले की चित्रपटातले औषध तसे वागत नाही, आणि बाकीचे प्रश्न वहीत लिहून भूलतज्ज्ञांनाच विचारावेत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते रुग्णाला तपासायला येतात, तेव्हा विचारायला हरकत नसते. त्यांनाही रुग्णाची आधीची औषधे, दमा, पूर्वीच्या भुलीचा अनुभव हे सगळे जाणून घ्यायचेच असते. तिने चार प्रश्न नेले होते. शुद्ध आली तर तुम्हाला कसे कळणार, हा पहिला. भूलतज्ज्ञ बाईंनी आईच्या खाटेशी बसून उत्तरे दिली आणि उच्छ्वासातले भुलीच्या वायूचे प्रमाण सतत दाखवणाऱ्या यंत्राचे चित्र तिच्या वहीतच काढून दिले. ते पान तिने आम्हाला नंतर आणून दाखवले. आईला आठवतो तो टेबलावरचा मोठा दिवा आणि कोणीतरी नाव विचारल्याचे. आपण नाव सांगितले की नाही, हे मात्र तिला आठवत नाही.